दगडाचं तोंड

पहिला दगड फुटला नाही. दुसराही फुटला नाही. तिसऱ्याच्या वेळी माझा डावा अंगठा फुटला.

पासली हे माझं आजोळ. पुण्याहून नसरापूर, तिथून वेल्हे, आणि वेल्ह्याच्या पुढे भट्टीची खिंड ओलांडली की हे गाव लागतं. पुढे केळद आणि मढे घाट. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधबा बघायला निघालेल्या गाड्यांची इथून रांग लागते. मी गेलो होतो मे महिन्यात. ओढा कोरडा होता आणि पात्रात दगडच दगड पडले होते. मला तेच हवे होते.

त्याच्या आधीचे दोन-तीन महिने मी रात्री झोप येईपर्यंत एकाच प्रकारचे व्हिडिओ बघत होतो. परदेशातला कुणीतरी दाढीवाला माणूस मांडीवर चामड्याचा तुकडा टाकून बसतो, एका हातात चकचकीत दगड, दुसऱ्या हातात गोटा किंवा हरणाच्या शिंगाचा तुकडा. टक, टक, टक. अर्ध्या तासात बाणाचं टोक तयार. हे इतकं सोपं दिसायचं की आपण उगाच चार वर्षं इंजिनिअरिंग केलं असं वाटायचं. दिवसभर कीबोर्डवर जे काही बनवतो, ते हातात घेता येत नाही, ही माझी जुनी खंत. म्हटलं, चार दिवस सुट्टी आहे, एक हातकुऱ्हाड बनवून आणू. माणसाने हे लाखो वर्षांपूर्वी केलंय, मला का जमणार नाही?

मामा ओढ्याच्या काठावर उभा राहून बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "आरं, हितं दगूड फोडाया जेसीबी लागतो, आन् तू गोट्यानं फोडतुयास व्हय?"

अंगठ्याला हळद लावून मी घरी बसलो आणि तेव्हा एक प्रश्न पडला, जो व्हिडिओ बघताना पडला नव्हता. व्हिडिओतला दगड चकमकीचा किंवा ज्वालामुखीच्या काचेचा असतो. आपल्याकडे तर मैलोन् मैल काळा कातळ. मग आपल्या या मुलखात अश्मयुग होतं तरी का? आणि असलं, तर त्या माणसांनी हा हट्टी दगड वठणीवर कसा आणला?

दगड फुटतो कसा

आधी थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

खिडकीच्या काचेला छर्रा लागून पडलेलं भोक कधी नीट बघितलंय? पुढून ते बारीक असतं आणि मागे शंकूसारखं रुंद होत जातं. काच, चकमक, अकीक, बारीक कणांचा बेसॉल्ट, अशा एकजीव पदार्थांवर एका बिंदूत जोराचा घाव बसला की आघात शंकूच्या आकारात पसरतो. लाकडासारखे धागे नसल्यामुळे या दगडांना ठरलेली दिशा नसते. जिकडे घाव नेईल तिकडे ते फुटतात.

आता हाच घाव दगडाच्या मधोमध न मारता काठाजवळ मारला, तर पूर्ण शंकूऐवजी त्याचा एक तुकडा सुटतो. पातळ, शिंपल्यासारखा, कडेला धारदार. हा झाला छिलका. राहिलेल्या दगडाला म्हणायचं गाभा. छिलक्याच्या आतल्या बाजूला, घाव बसला तिथे, छोटा फुगवटा असतो आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा लहरी पसरलेल्या दिसतात. दरडीवरून घरंगळून फुटलेला दगड आणि माणसाने फोडलेला दगड वेगळा ओळखायला पुरातत्त्वज्ञ या खुणा बघतात. एखादी खूण योगायोगाने पडू शकते. पण एकाच दगडावर, दोन्ही बाजूंनी, एका आकाराच्या दिशेने पंधरा-वीस छिलके निघाले असतील, तर तिथे कुणीतरी विचार करत बसलं होतं.

यात मुख्य अट कोनाची. जिथे मारायचं ती सपाटी आणि जिथून छिलका निघणार ती बाजू, यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी हवा. गुळगुळीत गोल गोट्याला असा कोनच नसतो. तुम्ही कितीही जोर लावा, गोटा उडून तुमच्याच नडगीवर येतो. मी पहिले दोन दिवस नेमकं हेच करत होतो.

आणि दगड निवडण्याची अक्कल वेगळीच. सह्याद्रीचा हा खडक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. पण सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, बारीक कणांचे. काहींमध्ये वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्या पोकळ्यांत पुढे स्फटिक भरले. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो ठिसूळ खडक यातलाच. हत्याराला तो निरुपयोगी. घट्ट दगड लागतो, तोही हवा-पाण्याने न कुजलेला. ओढ्यातल्या शंभरातले पाच-दहा दगड कामाचे निघाले तरी नशीब.

'इथे काही नाही' असं वाटण्याचा काळ

भारतात अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात म्हणून एक तारीख सांगितली जाते: ३० मे १८६३. भूगर्भशास्त्र खात्यातला रॉबर्ट ब्रूस फूट याला त्या दिवशी मद्रासजवळ पल्लावरम इथे एक अश्महत्यार सापडलं. पुढे त्याने दक्षिण भारतात शेकडो ठिकाणं शोधली. त्याची बरीचशी हत्यारं क्वार्टझाइटची, म्हणजे रंगाने फिकट, घट्ट आणि नीट फुटणाऱ्या दगडाची होती. महाराष्ट्राच्या काळ्या खडकात तो दगड नाही. त्यामुळे दख्खनच्या पठारावर आदिमानवाने फारशी वस्ती केली नसावी, असा समज बराच काळ रुजून राहिला.

हा समज टिकायला आणखी एक कारण होतं. क्वार्टझाइटचं हत्यार लाख वर्षं पडून राहिलं तरी त्याच्या कडा बऱ्यापैकी शाबूत राहतात. बेसॉल्ट कुजतो. त्यावर तपकिरी साल चढते, कडा बोथट होतात, आणि नदीच्या वाळू-गोट्यांत पडलेली हातकुऱ्हाड चार पावलांवरून साध्या धोंड्यासारखी दिसते. जे शोधायचं ते कसं दिसतं हेच माहीत नसेल, तर ते पायाखाली असूनही दिसत नाही.

१९३० च्या दशकात मुंबईत के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने कांदिवली परिसरातली अश्महत्यारं नोंदवली. पण चित्र खऱ्या अर्थाने पालटलं ते पुण्यातून. १८२१ साली सुरू झालेलं आणि मध्ये काही वर्षं बंद पडलेलं डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. त्याच वर्षी हसमुख धीरजलाल सांकळिया तिथे रुजू झाले. नाशिकजवळ गंगापूर इथे गोदावरीच्या थरांत त्यांना पुराश्मयुगीन हत्यारं सापडली आणि १९५२ मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. काळ्या खडकाच्या या प्रदेशातही अश्मयुग होतं, हे त्यानंतर नाकारता येणं कठीण झालं.

मग नेवासे. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते प्रवरेकाठचं गाव. तिथे १९५० च्या दशकात उत्खनन सुरू झालं, आणि एकाच परिसरात पुराश्मयुगापासून ऐतिहासिक काळापर्यंतचे पुरावे मिळाले. जवळच्या चिरकी नाल्यावर १९६६ ते १९६९ या काळात गुडरून कॉर्विनस या जर्मन संशोधिकेने उत्खनन केलं. काळ्या खडकाच्या हातकुऱ्हाडी, फरशीसारख्या सरळ धारेची हत्यारं, गाभे, छिलके, असं सगळं तिथे दगडगोट्यांच्या थरात पडलेलं होतं.

आणि आमचा पुणे जिल्हा? अष्टविनायकांतल्या मोरगावला, कऱ्हेच्या काठी, हातकुऱ्हाडी बनवणाऱ्या माणसांच्या खुणा मिळाल्या आहेत. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी नावाचं गाव आहे. तिथे हत्यारांबरोबर ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. राख मिळाली की काळ मोजता येतो, म्हणून सगळ्यांना आनंद झाला. पण पहिल्या मोजणीत सुमारे १४ लाख वर्षं आली, नंतरच्या एकात सुमारे ६.७ लाख, आणि आणखी काही संशोधकांनी ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सगळ्यात अलीकडच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची, असल्याचं मांडलं. एकाच गावातली राख, आणि उत्तरांत जवळजवळ वीसपटीचा फरक! शाळेच्या पुस्तकात इतिहास एका ओळीत सांगून संपतो. प्रत्यक्षात तो असा भांडत-भांडत पुढे जातो.

मला मात्र यातलं एक वाक्य पुरलं होतं: या दगडाची हातकुऱ्हाड होते. लाखो वर्षांपूर्वी झाली आहे, आणि माझ्या आजोळापासून फार लांब नाही. म्हणजे चूक दगडाची नव्हती.

गारगोटी आणि चकमक

काळ्या खडकाच्या पोटात दुसराही दगड आहे. त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत सिलिका साचून जे तयार झालं, त्याला आपण सरसकट गारगोटी म्हणतो. अकीक, कॅल्सेडनी, जॅस्पर हे सगळे त्याच घरातले. लहानपणी आम्ही पासलीच्या शेतातून पांढऱ्या गारगोट्या गोळा करायचो आणि अंधारात एकमेकींवर घासून ठिणगीचा उजेड बघायचो. हा दगड काचेसारखा फुटतो आणि त्याची धार दाढी करण्याइतकी तिखट असते. अडचण एकच, तो छोटा मिळतो. त्याची मोठी कुऱ्हाड होत नाही.

मध्य पुराश्मयुगातल्या माणसांनी महाराष्ट्रात याच दगडाकडे मोर्चा वळवला. हत्यारं लहान झाली: तासण्या, टोच्या, छोटी पाती. नेवाशाला अशी हत्यारं इतक्या स्पष्टपणे मिळाली की सांकळियांनी या परंपरेला नेवाशाचंच नाव सुचवलं. पुढे जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात पात्यांचा प्रवास थरांमागून थरांत दिसला. तिथेच नक्षी कोरलेला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडाही मिळाला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा.

पण मला सगळ्यात थक्क केलं ते इनामगावने. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानचं हे शेतकऱ्यांचं गाव. घरं, धान्याच्या कणगी, रंगवलेली भांडी, सगळं होतं. त्यांना तांबंही माहीत होतं, पण ते मोजकंच मिळायचं. म्हणून रोजच्या कापाकापीला कॅल्सेडनीची पाती. ती करायची पद्धत अशी: गारगोटीच्या एका बाजूला आलटून-पालटून छिलके काढत नागमोडी कणा तयार करायचा. मग वरच्या टोकावर नेमका दाब द्यायचा. घाव त्या कण्याच्या वाटेने खाली उतरतो आणि पहिलं पातं सुटतं. ते सुटलं की गाभ्यावर दोन सरळ कडा उरतात, त्या पुढच्या पात्यांना वाट दाखवतात. मग एकामागून एक सरळ, समांतर कडांची पाती निघत राहतात. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ती ओळीने बसवली की झाला विळा. एक पातं मोडलं तर तेवढंच बदलायचं. आमच्या धंद्यात याला मॉड्युलर डिझाइन म्हणतात आणि त्यावर दोन दिवसांचं ट्रेनिंग असतं.

गारगोटीची साथ लोखंडाच्या काळातही सुटली नाही. पोलादाच्या पट्टीवर गार आपटून ठिणगी पाडायची आणि कापसाने ती झेलायची, ती चकमक. आजी सांगते, तिच्या सासऱ्यांच्या कमरेच्या बटव्यात चकमक असायची. आज हा शब्द फक्त बातमीत उरलाय, पोलिसांची आणि दरोडेखोरांची उडते ती चकमक. शब्दाच्या आत एक दगड आहे हे मला तरी माहीत नव्हतं.

हे शिकवलं कुणी?

आता पुन्हा अंगठ्याकडे. मला व्हिडिओ बघून, कोनाचं गणित वाचूनही जमत नव्हतं. तर मग ज्यांच्याकडे ना पुस्तक ना लिपी, ते कसे शिकले?

याचं सगळ्यात जवळचं उत्तर इंडोनेशियाच्या पापुआ भागात मिळतं. तिथल्या लांगडा गावातले लोक अलीकडेपर्यंत दगडी वाकस बनवत होते. डीट्रिच स्टाउट या संशोधकाने त्यांच्यावरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. ते कारागीर नदीच्या पात्रातून दगड निवडतात, एकत्र बसून घडवतात, जुने नव्यांना बोलून आणि हातात हात घेऊन चुका दाखवतात. शिकायला पाच-पाच वर्षं आणि त्याहूनही जास्त लागतात. पाच वर्षं! माझी डिग्री चार वर्षांत झाली.

जवळचं उदाहरण गुजरातमधलं खंभात. तिथले अकीकाचे कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकाला दगड टेकवतात आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हलक्या हातोडीने मारतात. घाव उलट्या दिशेने आत जातो आणि मण्याचा आकार उमटत जातो. या भागातलं मण्यांचं काम हडप्पाकाळापासूनचं. पण या कौशल्याची किंमतही आहे. अकीकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. खंभातच्या कारागिरांमध्ये हा आजार नोंदवला गेला आहे. 'पारंपरिक कला' म्हणून रील बनवताना हे कुणी दाखवत नाही.

म्हणजे हे ज्ञान माणसाकडून माणसाकडे जातं. एक पिढी मध्ये गळाली की साखळी तुटते. युरोपात ती तुटलीच होती. एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना स्वतः दगड फोडून, प्राचीन कचऱ्यातले छिलके जुळवून हे तंत्र पुन्हा शोधावं लागलं. कर्नाटकात हुणसगी खोऱ्यातल्या इसामपूरला डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी चुनखडीच्या दगडाची एक प्राचीन खाण-कार्यशाळा उघडकीला आणली. तिचं वय सुमारे १२ लाख वर्षं मोजलं गेलंय. कच्चे दगड, गाभे, छिलके, अर्धवट सोडलेली आणि पुरी झालेली हत्यारं, सगळं एकाच जागी होतं. बिघडलेलं काम टाकून दिलेलं होतं म्हणून आपल्याला चांगलं काम कसं झालं ते कळतं.

हे मी मामाला सांगत होतो. तो म्हणाला, "मग त्या टाकीवाल्या बाबाला इचार की. त्यो जन्मभर दगूडच ठोकत आलाय."

टाकी

बाबा वेल्ह्याच्या बाजूला राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. पूर्वी पावसाळ्याच्या आधी ते पासलीपासून केळदपर्यंत घरोघर फिरायचे, जात्याला आणि पाट्याला टाकी लावायला. दळून-वाटून दगड गुळगुळीत झाला की त्याला पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात, नाहीतर मिरची नुसती घसरते. मिक्सर आला, गिरणी आली, आणि त्यांचं फिरणं थांबलं. मुलगा पुण्यात गाडी चालवतो.

मी माझ्या फसलेल्या दगडांची पिशवीच त्यांच्यापुढे ओतली. त्यांनी एकेक उचलला, दुसऱ्या दगडाने हलकेच वाजवला आणि कान दिला. पाच-सहा लगेच बाजूला टाकले.

"बद्द वाजतोय. आत चीर हाय त्याच्या."

मग एक खणखणीत वाजणारा निवडला आणि हातात फिरवत राहिले. मला वाटलं, आता मारतील. ते नुसते बघत होते.

"बाबा, काय बघताय?"

"त्वांड." त्यांनी दगडाच्या एका कडेवर बोट ठेवलं. तिथे तो मुळातच तिरका तुटलेला होता. "दगडाला त्वांड असतं, पोरा. ते आधी हुडकायचं. त्वांड नसंल तितं मारलं तर दगूड न्हाय फुटत, हात फुटतो."

मी पट्टी बांधलेला अंगठा मागे घेतला.

त्यांचे हात आता थरथरतात. हातोडा त्यांनी माझ्याकडे दिला नाही. माझाच गोटा घेतला, मनगट सैल सोडलं आणि कडेपासून बोटभर आत एकच घाव घातला. आवाज वेगळाच आला, कोरडा आणि छोटा. तळहाताएवढा छिलका त्यांच्या मांडीवर पडला. फुगवटा, लहरी, धार, सगळं जिथल्या तिथे. पुस्तकात मी ज्याला 'कोन ९० अंशांपेक्षा कमी' म्हणून वाचलं होतं, त्याला त्यांच्याकडे एक शब्द होता.

इथे भाबडेपणा टाळायला हवा. बाबांचं ज्ञान अश्मयुगातून थेट चालत आलेलं नाही. लोखंडी टाकीने खाच पाडणं आणि दगडाने दगड घडवणं या वेगळ्या विद्या आहेत. दगडाचा स्वभाव मात्र तोच आहे, आणि तो ज्याने रोज हातात घेतला त्याला तो कळत गेला. हा स्वभाव ओळखणारी माणसं आमच्या भागात आता किती उरलीत, हे मी मामाला विचारलं. त्याने बाबांकडे बघितलं आणि काही बोलला नाही.

मी त्यानंतर पाच वेळा गेलो. प्रत्येक वेळी दोन दिवस. दगड निवडणं, तोंड शोधणं, नसेल तर एक-दोन छोटे छिलके काढून तोंड करणं, मग मारणं. चौदाव्या दगडाला हातकुऱ्हाड म्हणता येईल असा आकार आला. एका बाजूला फुगीर, टोक थोडं वाकडं. तिच्यावरचा प्रत्येक व्रण कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा, हे एकमेकांना कापणाऱ्या कडांवरून वाचता येतं. कोडमध्ये आम्ही प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो, तशीच ही नोंद दगडावर आपोआप राहते. माझी मोठी चूक, जिथे मी जास्त आत मारलं आणि टोक गेलं, तीही तिथे कायमची आहे.

करून बघणार असाल तर

डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे, पायांत बूट. उघड्या हवेत बसायचं आणि तोंडाला मास्क लावायचा. बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका कमी असते, गारगोटीत मात्र भरपूर, त्यामुळे गारगोटीच्या धुळीशी खेळ नको.

त्याहून महत्त्वाचं दुसरं. खाली ताडपत्री अंथरा आणि सगळ्या कपच्या गोळा करून घरी न्या. तुम्ही ओढ्यात टाकलेले छिलके पन्नास वर्षांनी कुणा अभ्यासकाला सापडले, तर तुम्ही त्याला खोटा पुरावा दिलेला असेल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये एडवर्ड सिम्पसन नावाचा माणूस, टोपणनाव 'फ्लिंट जॅक', नकली अश्महत्यारं बनवून संग्राहकांना विकायचा. तो कारागीर उत्तम होता आणि त्याने केलेला गोंधळही तेवढाच मोठा होता. म्हणून आपल्या प्रत्येक तुकड्यावर न पुसणाऱ्या रंगाने तारीख घाला.

आणि नदीकाठी खरंच एखादी जुनी हातकुऱ्हाड दिसली, तर ती उचलू नका. फोटो काढा, जागेची नोंद करा, राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. हत्याराची निम्मी माहिती ते कुठल्या थरात पडलंय यात असते. कपाटात ठेवलं की तो नुसता दगड होतो. मला पासलीच्या ओढ्यात प्राचीन काहीही सापडलेलं नाही. माझ्याकडे आहे ते सगळं मी बनवलेलं आहे.

पाटा

शेवटच्या खेपेला मी बाबांना गाडीतून पासलीला घेऊन आलो. आजीचा पाटा परसात उभा करून ठेवलेला असतो. मधोमध खोलगट आणि आरशासारखा गुळगुळीत. आजीने बाबांना ओळखलं. "लई वर्सांनी आलासा," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

बाबा ओसरीवर बसले. टाकी आणि हातोडा त्यांनी या वेळी माझ्या हातात दिला. खाच किती खोल, किती अंतरावर, टाकी किती तिरकी, हे सांगत राहिले. मी चुकलो की "आं, हां" करून बोटाने जागा दाखवायचे. त्यांना जे काम अर्ध्या तासाचं होतं त्याला मला अख्खी दुपार लागली. ओळी वाकड्या आल्या.

आजीने पाट्यावरून हात फिरवला. "बरा हाय," म्हणाली. मग मूठभर तांदूळ वाटून ते पीठ टाकून दिलं, कच निघून जावी म्हणून. दुसरी मूठही टाकली. तिसऱ्या खेपेला मिरची, लसूण आणि मीठ घेतलं.

माझी हातकुऱ्हाड शेजारीच ठेवली होती. ती उचलून तिने उलटसुलट बघितली, खाली रंगाने घातलेली तारीख बघितली आणि विचारलं, "ह्यानं काय हुतं?"

मी सांगितलं, पूर्वीचे लोक याने मांस कापायचे, हाडं फोडायचे, लाकूड तासायचे.

"आन् आता?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिने ती दाराला अडसर म्हणून लावली आणि वाटायला बसली.